वीस-चाळीसचा स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि माशीचा स्लाइड बॉक्स, दोन महिने वापरून

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. मायक्रोस्कोप उत्तम आहे, घ्या. त्याच्याबरोबर मी जो फळमाशीच्या वाढीचा बारा स्लाइडचा बॉक्स घेतला तो मात्र घेऊ नका, म्हणजे किड्याचा पाय अंड्याच्या आत कसा फुटतो हे बघायला घेणार असाल तर अजिबात नका घेऊ, कारण त्यात ते दिसत नाही आणि दिसणं शक्यही नाही, का ते खाली लिहिलंय. त्याच्याऐवजी पिठाच्या डब्यात पावसाळ्यात जे तांबडे बारीक किडे होतात ते धरा, फुकट मिळतात आणि त्यांचे पाय खरोखर अंड्यात फुटतात.

मी बडोद्यात अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते आणि संध्याकाळी दांडिया बाजारात आमच्या घरी आजूबाजूची पाच-सहा मुलं शिकायला येतात. त्यातल्या एका मुलीनं विचारलं, मॅडम, सगळ्या पेशी एकाच अंड्यातनं आल्या, सगळ्यांत डीएनए तोच, मग एका पेशीला कसं कळतं की पाय इथनं काढायचा आणि तिच्या शेजारणीला कसं कळतं की आपण गप्प बसायचं. पुस्तकात याला दोन ओळी आहेत. मी त्याच दोन ओळी जरा लांबवून सांगितल्या, की पेशी एकमेकींना सिग्नल देतात, एकीनं प्रोटीन सोडायचं आणि दुसरीनं ते ओळखायचं. तिचं समाधान झालं नाही हे दिसत होतं आणि माझंही झालं नाही, कारण इतकी वर्षं शिकवते पण पाय फुटताना मी स्वतः कधी बघितलाच नव्हता. त्या रात्री ठरवलं की आता हे बघायचं आणि मुलांना दाखवायचं.

दुकान रावपुऱ्यातनं कोठीकडे जाताना आतल्या बाजूला आहे, लॅबचं सामान विकतात, बीकर, टेस्ट ट्यूब, शाळेचे सांगाडे वगैरे. नाव लिहीत नाही कारण बॉक्सबद्दल तक्रार आहे आणि त्यात दुकानदाराची चूक नाही, माल बनवणाऱ्याची आहे. दुकानातले काका फार धीराचे, मी पाऊण तास तीन वेगवेगळे मायक्रोस्कोप काढून बघितले तरी त्यांचं एकच, बेन, शांतिथी जुओ, म्हणजे ताई, शांतपणे बघा. माझा एक सल्ला आहे, जाताना बघायची वस्तू बरोबर घेऊन जा. मी मेलेल्या मुंग्या आणि खसखस घेऊन गेले होते, खसखशीच्या दाण्यावरची जाळी स्वच्छ दिसली तर ऑप्टिक्स बरं आहे असं समजा.

मी घेतला तो स्टिरिओ आहे, दोन डोळ्यांनी बघायचा, वीस पट आणि चाळीस पट, ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे खालचं भिंग, फिरवून बदलायचं. झूमवाला पण होता, दुपटीहून महाग, माझ्या कामाला लागत नव्हता. मला आठ हजार चारशेला पडला. शाळेत असतो तो एका डोळ्याचा, कांद्याची साल बघायचा मायक्रोस्कोप वेगळा, त्यात वस्तू पातळ कापून काचेवर दाबावी लागते आणि चित्र उलटं दिसतं. स्टिरिओत वस्तू आहे तशी ठेवायची, वस्तूचा खोलपणा दिसतो, चित्र सुलट दिसतं आणि खाली इतकी जागा राहते की दोन्ही हातात सुया धरून काम करता येतं. अंडी सोलायची असतील तर याच्याशिवाय पर्याय नाही. वरनं एक आणि खालनं एक असे दोन एलईडी आहेत, दोन्ही वेगवेगळे कमी-जास्त होतात, हे फार कामाचं आहे कारण अंड्याला थेट वरचा उजेड दिला की ते नुसतं पांढरं चमकतं, आतलं काही कळत नाही, उजेड बाजूनं तिरका द्यावा लागतो. तो मी शेवटी घरातल्या टेबल लॅम्पनं दिला.

एक खोट आहे. फोकसचा नॉब पहिल्या आठवड्यात घसरायला लागला, वरचं डोकं आपोआप खाली यायचं, एकदा तर ऑब्जेक्टिव्ह पाण्याच्या थेंबात बुडलं. काकांना फोन केला तर म्हणाले दोन्ही नॉब हातात धरून उलट सुलट पिळा, त्यानं ताण वाढतो. पिळलं आणि थांबलं, तेव्हापासून त्रास नाही. पण हे माहितीपत्रकात कुठंच नव्हतं.

आता बॉक्स. दोन हजार सहाशे. लाकडी पेटी सुंदर आहे, आत बारा स्लाइड, माशीचं अंडं, मग वेगवेगळ्या तासांचे भ्रूण, तीन अवस्थांच्या अळ्या, कोष, आणि मोठ्या माशीचा पंख, डोळा, पाय. सातव्या स्लाइडवर चिठ्ठी आहे, भ्रूणातील पायाचा अंकुर. मी त्याच एका स्लाइडसाठी बॉक्स घेतला होता. लावून बघितली तर एकात एक गोल वळ्या, चकलीसारख्या, आणि आकार भ्रूणाच्या मानानं फारच मोठा. काहीतरी चुकतंय हे कळत होतं पण काय ते नाही. माझी भाची एमएस्सी झूऑलॉजी करते, ती रविवारी आली, डोळा लावला आणि लगेच म्हणाली, मावशी, हे भ्रूणातलं नाहीच, ही मोठ्या झालेल्या अळीच्या आतनं काढलेली डिस्क आहे.

इथं जरा थांबून सांगते कारण सगळी गोष्ट यातच आहे. फळमाशी अंड्यात पाय बनवत नाही. पंचवीस डिग्रीला तिचं अंडं साधारण एका दिवसात फुटतं आणि त्यातनं जी अळी बाहेर येते तिला पाय नसतातच. छातीच्या तीन भागांवर बाहेरनं फक्त बारीक संवेदी केसांचे पुंजके असतात, त्यांना कायलिनचे अवयव म्हणतात, पायांची तेवढीच खूण. पण भ्रूणातच, पायाच्या प्रत्येक जागी, थोड्याशा पेशी बाजूला काढून ठेवलेल्या असतात, भविष्यातला पाय म्हणून. त्या आत बुडतात, अळी खात असते तोवर या पेशी वाढून हजारो होतात आणि त्यांची चपटी घडी घातलेली पिशवी तयार होते, तीच ती डिस्क. प्रवासात नेतो तो घडीचा स्टीलचा पेला आठवा, एकात एक कड्या बसलेल्या असतात आणि ओढला की उंच होतो, अगदी तसं. डिस्कचा मधला बिंदू म्हणजे पायाचं टोक, बाहेरची कडी म्हणजे शरीराला चिकटलेला भाग, आणि कोषात गेल्यावर तो पेला उघडतो आणि लांब पाय होतो. म्हणजे सातवी स्लाइड या बॉक्समधली सगळ्यात देखणी स्लाइड आहे, फक्त चिठ्ठी खोटी आहे, आणि ज्या मुलाला कुणी सांगणारं नसेल तो आयुष्यभर समजणार की माशीच्या भ्रूणाला असा गोल पाय फुटतो. याचा मला मनापासून राग आला. शिकायच्या वस्तूवर चुकीची चिठ्ठी हा छोटा दोष नाही.

मग त्या थोड्याशा पेशी कोण निवडतं? मुलीचा प्रश्न हाच तर होता. भाचीनं जे समजावलं ते मी माझ्या शब्दात लिहिते.

भ्रूण भागाभागांत वाटलेला असतो आणि प्रत्येक भागात पेशींचा एक आडवा पट्टा विंगलेस नावाचं प्रोटीन सोडतो. ते शेजारच्या पेशीच्या अंगावर फ्रिझल्ड नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या प्रोटीनला, जाऊन चिकटतं. त्या पेशीच्या आत आर्माडिलो नावाचं एक प्रोटीन असतं, एरवी पेशी ते बनवत राहते आणि तोडत राहते, विंगलेस आलं की तोडणं थांबतं, आर्माडिलो साठतं, केंद्रकात जातं आणि जीन चालू करतं. त्यातलं पायासाठी महत्त्वाचं जीन म्हणजे डिस्टल-लेस, ते बंद पडलं की पायाचा टोकाकडचा भाग होत नाही म्हणून हे नाव. पण विंगलेसचा पट्टा तर पोटापासून बाजूपर्यंत लांब आहे आणि पाय एकाच ठिकाणी फुटतो. कारण पाठीकडनं डीपीपी नावाचा दुसरा सिग्नल येतो, तो पेशींच्या गटाची वरची हद्द ठरवतो, आणि पोटाच्या मधल्या रेषेकडनं तिसरा येतो, ईजीएफआर नावाच्या आणखी एका रिसेप्टरच्या वाटेनं, तो खालची हद्द ठरवतो. या तिघांच्या मध्ये जेवढा तुकडा उरला तेवढ्यातच डिस्टल-लेस पेटतं.

मुलांना मी मांडवीचं उदाहरण दिलं. जुन्या शहरात लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट अशा चार दरवाज्यांकडनं येणारे रस्ते मांडवीला मिळतात. समजा डोळे बांधून तुम्हाला आत कुठंतरी उभं केलं आणि प्रत्येक दरवाज्यावर वेगळं वाद्य वाजतंय, एकीकडे ढोल, एकीकडे सनई. शहराचा नकाशा तुमच्याकडे नाही, तरी ढोल किती मोठा ऐकू येतो आणि सनई किती बारीक यावरनं आपण कुठं आहोत ते कळेल. पेशीकडे पण नकाशा नसतो, कुठला सिग्नल किती मिळाला एवढंच तिला कळतं. मुलांना हे पटकन समजलं.

भाचीला मात्र माझा ढोल पूर्ण पटला नाही. ती म्हणाली, मावशी, आवाज लांबवर जातो असं तू सांगतेस पण विंगलेसला दरवेळी लांब जावंच लागतं असं नाही. 2014 मध्ये लंडनच्या संशोधकांनी फळमाशीत विंगलेस पेशीच्या आवरणालाच बांधून टाकलं, म्हणजे ते सुटून जाऊच शकत नव्हतं, फक्त चिकटून असलेल्या शेजारणीलाच मिळत होतं, आणि तरी माश्या जगल्या, त्यांचे पंख बऱ्यापैकी नीट झाले. म्हणजे काही कामं ढोलानं नाही, भिंतीला भिंत असलेल्या घरात शेजारणीनं शेजारणीला सांगावं तशी पण होतात. मी तेव्हापासून मुलांना दोन्ही सांगते. असा वाद घालणारी भाची असणं हे माझं भाग्य आहे.

आणि एक गोष्ट तिनं सांगितली जी मला इतकी वर्षं माहीत नव्हती, ती ऐकून मी खरंच खुर्चीवरनं उठले. विंगलेस हे नाव आणि तो म्युटंट, म्हणजे जीन बिघडलेली माशी, भारतातला आहे. दिल्लीच्या पुसा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे भारतीय कृषी संशोधन संस्थेत, आर. पी. शर्मा यांना पंख नसलेल्या फळमाश्या सापडल्या, त्यांनी 1973 मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली आणि 1976 मध्ये शर्मा आणि चोप्रा यांचा सविस्तर पेपर आला. पुढं जर्मनीत न्यूसलाइन-फोलहार्ड आणि वीशाउस यांनी भ्रूणाचे भाग बिघडवणारे म्युटंट शोधले, 1980 चा तो पेपर, त्यासाठी 1995 चं नोबेल त्यांना लुईस यांच्याबरोबर मिळालं, त्या कामातनं हेजहॉगसारखी जीनची कितीतरी नावं आली. आणि 1987 मध्ये कळलं की उंदराच्या कॅन्सरमध्ये सापडलेलं इंट-1 नावाचं जीन आणि माशीचं विंगलेस हे एकच, दोन्ही नावं जोडून विंट हा शब्द झाला, आज माणसाच्या आतड्याच्या कॅन्सरवर काम करणारा डॉक्टर सुद्धा तो शब्द वापरतो. दिल्लीतल्या एका बाटलीतल्या बिनपंखी माशीपासून हे निघालंय. हे आपल्या पाठ्यपुस्तकात असायला पाहिजे, ठळक अक्षरात.

बॉक्समधली बारावी स्लाइड, मोठ्या माशीचा पाय, चांगली आहे हे पण लिहायला हवं. सगळे भाग मोजता येतात, कॉक्सा, ट्रोकँटर, फीमर, टिबिया आणि मग टार्ससचे पाच तुकडे. हे तुकडे सांध्यावर कुठं मोडायचे ते नॉच नावाचा आणखी एक सिग्नल ठरवतो, आणि लांबीवर कुठला भाग कुठं ते डिस्कमध्ये विंगलेस आणि डीपीपी परत एकदा मिळून ठरवतात, दोन्ही जिथं मिळतात त्या मधल्या बिंदूत डिस्टल-लेस, त्याच्या भोवतीच्या कडीत डॅशहुंड, आणि सगळ्यात बाहेर होमोथोरॅक्स ही जीन चालू असतात. सातव्या स्लाइडच्या कड्या आणि बाराव्या स्लाइडचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून बघितले की पेल्याची गोष्ट डोळ्यांसमोर येते. दोनच स्लाइड वेगळ्या विकत मिळाल्या असत्या तर मी आनंदानं घेतल्या असत्या.

मुलांचा पुढचा प्रश्न लगेच आला, विंगलेसचे पट्टे तर पोटाच्या भागातही आहेत मग तिथं पाय का नाहीत, किड्याला सहाच का. याचं उत्तर मला सगळ्यात आवडतं. सिग्नल तिथंही पोचतो, पण पोटाच्या पेशींत अल्ट्राबायथोरॅक्स आणि ॲबडॉमिनल-ए ही दोन हॉक्स प्रोटीन, म्हणजे शरीराचा कुठला भाग काय होणार ते ठरवणारी, असतात आणि ती डिस्टल-लेसच्या स्विचवरच जाऊन बसतात, त्याला पेटू देत नाहीत. निरोप पोचला पण दाराला कुलूप. आमच्या गॅलरीत लिंबाचं झाड आहे त्यावर फुलपाखराच्या हिरव्या अळ्या येतात, त्यातली एक मायक्रोस्कोपखाली ठेवून दाखवली, पुढं तीन जोड्या खरे टोकदार पाय आणि मागं पोटावर जाड मांसल खोटे पाय. फुलपाखराच्या भ्रूणात पोटाच्या काही जागी ही कुलपं उघडली जातात, अल्ट्राबायथोरॅक्स आणि ॲबडॉमिनल-ए तेवढ्या पेशींत बंद होतात आणि तिथं डिस्टल-लेस पेटतं. अळी नंतर झाडावर परत सोडली.

आता पिठातले किडे. ही कल्पना पण भाचीचीच, नाव ट्रायबोलियम, जगभरच्या लॅबमध्ये फळमाशीनंतर याच किड्यावर भ्रूणाचं खूप काम झालंय, 2008 मध्ये याचा पूर्ण जीनोम वाचून झाला. आमच्या सासूबाईंनी गव्हाच्या पिठाचा जुना डबा टाकायला काढला होता, त्यात तीन-चार मिलिमीटरचे तांबूस किडे होते, साठ-सत्तर सहज. कृती अशी. मैदा आधी मैद्याच्या बारीक चाळणीतनं चाळून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचा म्हणजे त्यात आधीचं काही असेल तर मरतं. मग बाहेर काढून नॉर्मल झाला की त्यात किडे सोडायचे, थोडं यीस्ट घालायचं, बरणीला मलमल बांधायची. एका दिवसानं रव्याच्या चाळणीनं किडे वेगळे करायचे, मग तोच मैदा परत बारीक चाळणीनं चाळायचा, मैदा खाली जातो आणि चाळणीवर अंडी राहतात, साधारण अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची, चिकट असल्यामुळं मैद्यात घोळलेली, नुसत्या डोळ्यांना मैद्याची गुठळीच वाटेल. सासूबाईंनी हे चाळायचं काम माझ्यापेक्षा चांगलं केलं, त्यांचा हात हलका आहे, माझ्या हातनं अंडी फुटायची. त्यांना चाळीस पटीतनं दाखवलं तर कितीतरी वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, आपण हे आयुष्यभर सुपातनं फेकत आलो.

अंड्यावरची साल घालवायला पातळ केलेलं ब्लीच लागतं, एखादा मिनिट, मग भरपूर पाण्यानं धुवायचं. हे काम मोठ्यांनी करायचं, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, मुलांच्या हातात ब्लीच देऊ नका.

काय दिसलं ते खरं खरं सांगते. पहिल्या दोन दिवसांत चाळीस पटीला फक्त पिवळट बलक आणि त्याच्यावर जरा फिकट असा पट्टा, तो भ्रूण, तिरक्या उजेडात अंदाजानं दिसतो. पायाचे पहिले अंकुर या मायक्रोस्कोपखाली बिनरंगाचे दिसतात असं मी म्हणणार नाही, मला तरी खात्रीनं दिसले नाहीत. पण तिसऱ्या दिवशी, खोलीत तीसच्या आसपास डिग्री होती, अंडं पोटाच्या बाजूनं वळवलं आणि छातीवर दुमडलेले सहा पाय दिसले. सहा, मोजता येतील असे. मी मुलांना फोन करून बोलावलं, पाऊस होता तरी चौघं आली. चौथ्या दिवशी आतली अळी हलत होती आणि संध्याकाळी बाहेर आली ती सहा पायांवर चालतच. माशीची अळी आठवा आणि ही बघा. दोन्ही किडेच, विंगलेसचे पट्टे दोन्हीकडे, डिस्टल-लेस दोन्हीकडे, पण एकीनं पाय गुंडाळून पुढच्यासाठी ठेवले आणि दुसरीनं आत्ताच बांधले.

अंकुर बघायचेच असतील तर रातकिड्याची अंडी घ्या. मांजलपूरला माझ्या बहिणीच्या अंगणात काळे रातकिडे भरपूर, दोन माद्या बरणीत ओल्या वाळूवर ठेवल्या, शेपटीकडच्या लांब नळीनं त्यांनी वाळूत अंडी घातली. बारीक जिऱ्यासारखी, जवळजवळ तीन मिलिमीटर, म्हणजे पिठातल्या किड्याच्या चार-पाच पट लांब. रोज दोन-तीन अंडी काढून उकळत्या पाण्यात टाकायची म्हणजे आतलं घट्ट होतं, मग मिठाच्या पाण्यात दोन सुयांनी साल सोडवायची. पाचव्या दिवशीच्या अंड्यात जे बघितलं ते मी विसरणार नाही. डोक्यापासून छातीपर्यंत दोन्ही बाजूंना ओळीनं बारीक बोंडं, पुढची अँटेना होणार, मग जबड्याचे भाग, मग तीन जोड्या पाय, आणि सुरुवातीला ती सगळी एकमेकांसारखीच दिसतात. कुठलं बोंड चालायचं आणि कुठलं चावायचं हे हॉक्स जीन ठरवतात. स्वित्झर्लंडमध्ये गेहरिंग यांच्या लॅबनं 1987 मध्ये अँटेनापीडिया हे जीन माशीत नको तिथं चालू केलं तर अँटेनाच्या जागी पाय आले, हे मी इतकी वर्षं फळ्यावर सांगत होते, पण ती ओळीतली बोंडं बघितल्यावर ते असं कसं होऊ शकतं हे मला पहिल्यांदा पटलं.

हे पण सांगितलं पाहिजे की सिग्नल स्वतः तुम्हाला आठ हजाराच्या मायक्रोस्कोपमध्ये दिसणार नाही. त्याला भ्रूण रंगवावे लागतात, त्यासाठी लॅब लागते. भाचीनं लॅपटॉपवर रंगवलेल्या भ्रूणांचे फोटो दाखवले, डिस्टल-लेस फक्त बोंडांच्या टोकाला चमकतं. डीपीपीची जागा मात्र किड्याकिड्यात बदलते, पिठातल्या किड्यात आणि टोळात ते वाढत्या बोंडाच्या टोकाशी असतं आणि पुढं कड्यांमध्ये, माशीच्या डिस्कसारखं एका बाजूला नाही. म्हणजे पुस्तकात जो माशीचा नियम सगळ्या किड्यांचा म्हणून शिकवतात तो तसाच्या तसा सगळीकडे लागू नाही. घरी फोटो आणि समोरचं अंडं आलटून पालटून बघायचं, मुलांना एवढं पुरतं.

फोन आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, लावून फोटो निघतात पण हात हलतो, फोन धरायचा क्लॅम्प साडेचारशेला वेगळा मिळतो, तो घ्या. लहान मुलांसाठी दोन आयपीसमधलं अंतर कमी होतं का ते दुकानातच बघून घ्या, माझ्यात दहा वर्षांच्या मुलापर्यंत जमतं, त्याहून लहानाला एकाच डोळ्यानं बघावं लागतं. खालचा एलईडी अर्ध्या तासानंतर काच कोमट करतो, जिवंत अंडं असेल तर मध्ये बंद करत जा आणि पाण्याचा थेंब सुकत नाही ना बघा, माझी तीन अंडी तशीच गेली.

स्लाइड बॉक्स परत न्यायला गेले तेव्हा काकांना सातवी स्लाइड काढून दाखवली आणि चिठ्ठी वाचायला लावली. त्यांनी वाद घातला नाही, आपल्या रजिस्टरमध्ये लिहून घेतलं, बनवणाऱ्याला कळवतो म्हणाले, आणि बॉक्सच्या बदल्यात दोन बारीक टोकाचे चिमटे, सुयांचे दांडे, खळग्याच्या दहा स्लाइड आणि फोनचा क्लॅम्प दिला, वर नऊशे रुपये परत. सात आणि बारा नंबरच्या स्लाइड मी मागून ठेवून घेतल्या, सातवर नवी चिठ्ठी चिकटवली, अळीतील पायाची डिस्क, भ्रूण नव्हे.

मायक्रोस्कोपला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या नॉबसाठी कापला. बॉक्सला दीड, तो त्या दोन स्लाइडचा. घ्यायला जाल तेव्हा एका बाजूनं काळी आणि एका बाजूनं पांढरी असलेली गोल प्लेट आठवणीनं मागा, डब्यात नसते, मागितली की देतात, आणि पांढरी अंडी काळ्यावरच दिसतात.